दंतवैद्यक विद्यार्थ्यांची मौखिक आरोग्यविषयक वृत्ती आणि वर्तन : प्रश्नावलीवर आधारित पाहण्यांची समीक्षा

प्रस्तावना

दंतवैद्यक महाविद्यालयातील विद्यार्थी उद्याचा दंतवैद्य असतो, आणि आज तो स्वतःचे दात, स्वतःच्या हिरड्या व स्वतःच्या सवयी असलेला एक तरुणही असतो. त्याच्या या दुसऱ्या अंगाचा अभ्यास गेल्या तीन-चार दशकांत अनेक देशांत झाला. ज्याच्या स्वतःच्या सवयी चांगल्या आहेत त्याने रुग्णाला दिलेला सल्ला अधिक परिणामकारक ठरतो, हे या अभ्यासांमागील गृहीतक होय. विद्यार्थ्याचे वर्तन मोजले की त्याला मिळालेल्या शिक्षणाचेही मोजमाप होते, अशी दुसरी अपेक्षा त्यासोबत असते.

या अभ्यासांत सर्वाधिक वापरले गेलेले साधन म्हणजे हिरोशिमा विद्यापीठातील माकोतो कावामुरा यांनी १९८८ साली मांडलेली दंतवर्तन सूची. एचयू-डीबीआय या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. जपानी विद्यार्थ्यांची तुलना या सूचीच्या आधारे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील व २००० मध्ये फिनलंडमधील विद्यार्थ्यांशी करण्यात आली. भारतातही उदयपूर येथील दंतवैद्यक विद्यार्थ्यांची पाहणी २००८ मध्ये आणि बंगळूर येथील विद्यार्थ्यांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर हा प्रकार देशभरातील महाविद्यालयांत रुळला.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे मराठवाड्यातील दंतवैद्यक शिक्षणाचे जुने केंद्र आहे. येथील शासकीय दंत महाविद्यालय १९८२ साली सुरू झाले. कांचनवाडी येथे छत्रपती शाहू महाराज शिक्षण संस्थेचे दंत महाविद्यालय आहे. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर राज्यातील वैद्यकीय व दंतवैद्यकीय शिक्षण एका छत्राखाली आले. येथे शिकणारा विद्यार्थी जालना, बीड, परभणी अशा जिल्ह्यांतूनही येतो आणि त्याच्यासमोर खुर्चीत बसणारा रुग्णही बहुधा त्याच भागातला असतो. अशा ठिकाणी हिरोशिमा सूची जशीच्या तशी वापरली, तर तिचा गुणांक नेमके काय सांगतो, हा या समीक्षेचा विषय आहे. हा गुणांक सामान्यतः वर्तनाचे माप म्हणून वाचला जातो. मात्र विधानांची एकेक करून तपासणी केली असता त्यातील बराच भाग महाविद्यालयीन सहवासाचे माप आहे, असे दिसून येते.

साधनाची रचना व गुण

सूचीत एकूण २० विधाने आहेत. प्रत्येक विधानाशी सहमत की असहमत, एवढेच उत्तर द्यायचे असते. त्यांपैकी १२ विधानांना गुण आहेत. सहा विधानांत सहमतीला आणि सहा विधानांत असहमतीला एकेक गुण मिळतो. त्यामुळे कमाल गुणांक १२ होतो. उरलेली आठ विधाने केवळ माहितीसाठी असतात. गुणांक जितका जास्त तितकी वृत्ती व वर्तन चांगले, असे मानले जाते.

या साधनाचे गुण नाकारता येत नाहीत. ते छोटे आहे, काही मिनिटांत भरून होते, त्याला उपकरण लागत नाही आणि खर्चही जवळजवळ नाही. अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाल्याने देशादेशांतील तुलनेची सोय झाली. दात घासता का, दिवसातून किती वेळा, या ठरावीक प्रश्नांच्या पलीकडे जाऊन ते हिरड्यांतील रक्त, आरशात पाहून तपासण्याची सवय, म्हातारपणी कवळी लागणारच ही समजूत अशा बाबींना स्पर्श करते. शेवटचे विधान तर मराठी वाचकाला ओळखीचे वाटावे. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ज्या समाजात रूढ आहे, तेथे दात पडणे हे वयाबरोबर आपोआप येणारे भोग मानले गेले आहे. या समजुतीपासून विद्यार्थी किती दूर गेला आहे हे विचारणे सयुक्तिकच आहे.

आक्षेप निघतो तो गुणांकाच्या अर्थाविषयी. बहुतेक पाहण्यांत वरच्या वर्षांतील विद्यार्थ्यांचा गुणांक खालच्या वर्षांपेक्षा अधिक आढळतो आणि त्यावरून दंतवैद्यक शिक्षणाने वर्तन सुधारते असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष किती टिकतो, हे गुण असलेल्या विधानांकडे पाहून ठरवावे लागेल.

सहवासाला मिळणारे गुण

गुण असलेल्या बारा विधानांपैकी दोन विधाने प्रथम पाहावीत. दात कसे घासावेत हे आपल्याला कोणाही तज्ज्ञाने शिकवलेले नाही, या आशयाच्या विधानाशी असहमती दर्शवल्यास एक गुण मिळतो. दात किती स्वच्छ झाले हे पाहण्यासाठी रंगद्रव्य वापरले आहे, या विधानाला सहमतीचा गुण आहे. 

प्रथम वर्षाचा विद्यार्थी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि दातांची रचना शिकत असतो. रुग्णाशी त्याचा संबंध तिसऱ्या वर्षापासून येतो. बाल दंतवैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र या विभागांत गेल्यावर तो ब्रशच्या पद्धती शिकतो आणि मुलांना शिकवतोही. दातांवरचा थर रंगवून दाखवणारे द्रव विभागाच्या कपाटात असते. हाताशी असलेले ते द्रव कुतूहलापोटी स्वतःच्या दातांवर एकदा लावून पाहणे अगदी स्वाभाविक आहे. 

समजा, दोन विद्यार्थी आहेत, एक प्रथम वर्षाचा व एक अंतिम वर्षाचा. दोघेही सारख्याच वेळा, सारख्याच काळजीने दात घासतात आणि दोघांच्या हिरड्यांची स्थितीही सारखीच आहे. तरीही केवळ या दोन विधानांमुळे अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याचा गुणांक दोनने अधिक येऊ शकतो. बारापैकी दोन गुण म्हणजे सुमारे सतरा टक्के. हा फरक शिक्षणाचा परिणाम आहे हे खरे, परंतु तो दात घासण्याच्या सवयीतील फरक नाही. असा फरक न दिसणे हेच आश्चर्याचे ठरेल.

दुखू लागेपर्यंत दंतवैद्याकडे जाणे टाळतो, या विधानाचा विचारही याच अंगाने करावा लागतो. सर्वसामान्य माणसासाठी दंतवैद्याकडे जाणे म्हणजे वेळ काढणे, प्रवास करणे आणि पैसे मोजणे. दंतवैद्यक विद्यार्थ्यासाठी ती खुर्ची त्याच इमारतीत असते. शिवाय विद्यार्थी एकमेकांच्या दातांचे ठसे घेतात, एकमेकांचे दात साफ करतात. मित्राकडून झालेली ही सफाई दंतवैद्याची भेट समजायची की प्रात्यक्षिकाचा भाग, याचा खुलासा सूचीत नाही. प्रत्येक विद्यार्थी आपापल्या समजुतीने उत्तर देतो आणि वेगवेगळ्या अर्थांची उत्तरे एकाच बेरजेत जातात.

ज्ञान वाढले की गुण घटतो

काही विधानांत याच्या उलट अडचण आहे. केवळ ब्रशने हिरड्यांचे विकार टाळणे अशक्य आहे, या आशयाच्या विधानाशी असहमत होणाऱ्याला गुण मिळतो. घासण्याने काही साधत नाही असा निराशावाद तपासणे हा त्यामागील हेतू असावा. परंतु हिरड्यांच्या विकारांचे शास्त्र नीट शिकलेल्या विद्यार्थ्याला ठाऊक असते की ब्रशचे केस दोन दातांमधील फटीत पुरेसे पोहोचत नाहीत. त्यासाठी फ्लॉस किंवा फटीतला लहान ब्रश लागतो आणि साचलेले कीटण दंतवैद्याकडूनच काढावे लागते. म्हणून तो प्रामाणिकपणे सहमत होतो आणि गुण गमावतो. ज्याला हे ठाऊक नाही तो असहमत होतो आणि गुण मिळवतो.

टूथपेस्टशिवायही दात चांगले स्वच्छ करता येतात, या विधानाला सहमतीचा गुण आहे. ब्रशच्या यांत्रिक घर्षणाने थर निघतो, पेस्टचा फेस निघाला म्हणजे दात स्वच्छ झाले असे नव्हे, हा त्यातील विचार योग्यच आहे. परंतु फ्लोराइडयुक्त पेस्टमुळे दात किडण्याचे प्रमाण घटते, हे आज भक्कम पुराव्याने सिद्ध झालेले आहे. पेस्टचे महत्त्व या कारणासाठी मानणारा विद्यार्थी असहमत झाला तर त्याला अज्ञानी ठरवणे अन्यायाचे होईल.

दातांवर पांढरट चिकट थर दिसला आहे, या विधानाची स्थितीही अशीच संदिग्ध आहे. थर ओळखता येणे हे जागरूकतेचे लक्षण मानून सहमतीला गुण दिला आहे. मात्र ज्याच्या दातांवर असा थर साचतच नाही, तो खरे बोलून गुण गमावतो. जागरूकता व स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी येथे एकाच उत्तरात मिसळल्या आहेत.

मराठवाड्याच्या घरात हे विधान

जपानी विद्यापीठात तयार झालेले विधान मराठवाड्यातील घरात वाचले की त्याचा अर्थ बदलतो. पेस्टविना दात स्वच्छ होतात, या विधानाशी सहमत होणारा विद्यार्थी थराच्या यांत्रिक निर्मूलनाचा विचार करत असेल, किंवा त्याच्या डोळ्यांसमोर आजोबांची कडुलिंबाची वा बाभळीची काडी असेल. राखुंडी, कोळसा-मीठ किंवा आजीची मिश्रीही असू शकेल. दंतधावनासाठी वनस्पतींच्या काड्या सांगण्याची परंपरा आपल्याकडे अष्टांगहृदयासारख्या ग्रंथांइतकी जुनी आहे. ती परंपरा टाकाऊ समजण्याचे कारण नाही. पण काडी, राख आणि मिश्री यांचे मौखिक आरोग्यावरील परिणाम एकसारखे नाहीत, आणि सूचीतील एका गुणात हे तिन्ही सामावतात.

मिश्रीचा उल्लेख येथे ओघाने आलेला नाही. तंबाखू भाजून, तिची पूड करून दातांना लावण्याची ही सवय महाराष्ट्रातील स्त्रियांमध्ये दीर्घकाळ चालत आली. केंद्र शासनाने १९९२ मध्ये दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली. तरीही घरी भाजलेल्या मिश्रीपर्यंत असा कायदा पोहोचत नाही. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुसंख्यांची तंबाखू धूरविरहित प्रकारातील होती. मुखकर्करोगाशी तिचा असलेला संबंध दंतवैद्यक महाविद्यालयात वेगळा सांगावा लागत नाही.

असे असताना हिरोशिमा सूचीच्या वीस विधानांत तंबाखूविषयी एकही विधान नाही. म्हणजे एखादा विद्यार्थी तंबाखू खात असेल किंवा सिगारेट ओढत असेल, तरी त्याचा गुणांक पूर्ण बारा येऊ शकतो. इतकेच नव्हे, तर घासताना हिरड्यांतून रक्त येते या विधानाला असहमतीचा गुण आहे. धूम्रपानामुळे हिरड्यांतील रक्तस्राव दबला जातो, हे दंतवैद्यकात सर्वज्ञात आहे. म्हणून हिरड्या आतून बिघडत असलेला धूम्रपान करणारा विद्यार्थी येथे प्रामाणिक उत्तर देऊनही गुण मिळवतो. जपानी सूचीच्या रचनाकारांना दोष देण्याचे येथे कारण नाही. त्यांनी आपल्या समाजासाठी साधन तयार केले होते. महाराष्ट्रात ते वापरताना तंबाखूचा प्रश्न जोडणे ही येथील संशोधकाची जबाबदारी ठरते. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र यांनी २००५ पासून आरोग्यशाखांच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी जे तंबाखू सर्वेक्षण सुरू केले, त्यात विद्यार्थ्यांचे स्वतःचे सेवन आणि रुग्णाला तंबाखू सोडवण्याचे त्यांना मिळालेले प्रशिक्षण, हे दोन्ही विचारले जाते. त्यातील मोजके प्रश्न जोडणे अवघड नाही.

भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. दंतवैद्यकाचे शिक्षण इंग्रजीतून होते म्हणून प्रश्नावली इंग्रजीतच दिली जाते. प्रथम वर्षात नुकत्याच आलेल्या, मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला विधानांतील दुहेरी नकार अडखळवतो. शिकवलेले नाही या विधानाशी असहमत, म्हणजे शिकवले आहे, हे उलगडायला क्षणभर लागतोच. तीन वर्षे इंग्रजी पाठ्यपुस्तके वाचल्यावर तोच विद्यार्थी ते सहज उलगडतो. अशा वेळी दोन वर्षांच्या गुणांकांतील फरकाचा काही अंश इंग्रजी वाचनाचाही असतो.

पाहणीची पद्धत

बहुतेक पाहण्यांत सर्व वर्षांच्या विद्यार्थ्यांना एकाच काळात प्रश्नावली दिली जाते आणि प्रथम वर्षाच्या तुकडीची तुलना अंतिम वर्षाच्या तुकडीशी केली जाते. या दोन वेगळ्या तुकड्या असतात. त्यांच्या वयात तीन-चार वर्षांचे अंतर असते. मधल्या काळात काही विद्यार्थी मागे पडलेले किंवा अभ्यासक्रम सोडून गेलेले असतात. एकाच क्षणी टिपलेल्या अशा चित्रावरून, तेच विद्यार्थी कालांतराने बदलले असा दावा करता येत नाही. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि त्यापुढे वर्षभराची आंतरवासिता असताना, एकाच तुकडीचा प्रवेशापासून मागोवा घेणे महाविद्यालयाला शक्य आहे. त्यासाठी मात्र निबंध प्रसिद्ध करण्याची घाई आवरावी लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या पदोन्नतीला प्रकाशनांच्या गुणांची जोड दिल्यानंतर सर्वच विद्याशाखांत झटपट होणाऱ्या पाहण्या वाढल्या. वर्गात आयते उपलब्ध असलेले विद्यार्थी हा त्यांचा सोयीचा नमुना बनला. हा अनुभव केवळ दंतवैद्यकाचा नाही.

प्रश्नावली वाटणारा बहुधा अध्यापक असतो आणि तोच पुढे परीक्षकही असतो. नाव लिहायचे नसले तरी अक्षर, बाक आणि तुकडी यांवरून आपण ओळखले जाऊ, ही शंका विद्यार्थ्याच्या मनात राहते. उद्याच्या दंतवैद्याने रात्री दात घासत नाही असे कबूल करणे अवघडच. जे अपेक्षित तेच सांगण्याची ही प्रवृत्ती वरच्या वर्षात अधिक बळावते, कारण अपेक्षित काय आहे हे तेथे पूर्णपणे कळलेले असते.

तोंडी उत्तराची ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग दंतवैद्यकाच्याच इतिहासात आहे. १९६५ मध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील आऱ्हुस येथे केलेल्या प्रयोगात बारा जणांना दातांची सर्व स्वच्छता थांबवायला सांगितले. त्यांतील नऊ जण प्रथम वर्षाचे दंतवैद्यक विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना सूज आली आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर ती ओसरली. त्यांना काय ठाऊक होते, यावर हा निकाल अवलंबून नव्हता. प्रत्येकाच्या हिरड्यांची प्रत्यक्ष तपासणी झाली होती. लो आणि सिलनेस यांचे हिरडी व थर मोजण्याचे निर्देशांक १९६३ व १९६४ पासून उपलब्ध आहेत आणि ते प्रत्येक दंतवैद्यक महाविद्यालयात शिकवले जातात. आरसा, सळई आणि प्रशिक्षित हात ज्या संस्थेत रोज वापरात असतात, तेथे विद्यार्थ्याच्या दातांविषयीची पाहणी केवळ कागदावर उरकावी, ही विसंगती ठळकपणे जाणवते.

समारोप

हिरोशिमा सूची टाकून द्यावी असे या समीक्षेचे म्हणणे नाही. तिचा गुणांक एकटा वाचला जाऊ नये, एवढाच आग्रह आहे. छत्रपती संभाजीनगर किंवा मराठवाड्यातील अन्य ठिकाणी पाहणी करताना प्रत्येक विधानाचा निकाल स्वतंत्रपणे द्यावा आणि सहवासाने वाढणारी विधाने वेगळी काढून गुणांक पुन्हा तपासावा. मराठी व उर्दू अनुवाद करून, ते उलट अनुवादाने पडताळून, लहान गटावर आधी वापरून पाहावेत. तंबाखू, मिश्री आणि घरातील दंतधावनाच्या पद्धती यांविषयीचे प्रश्न जोडावेत. प्रश्नावली विद्यार्थ्यांना न शिकवणाऱ्या व्यक्तीने भरून घ्यावी, आणि निदान काही विद्यार्थ्यांच्या हिरड्यांची तपासणी त्यासोबत संमतीने करावी. एकाच तुकडीची नोंद आंतरवासितेपर्यंत ठेवता आली तर ती या क्षेत्रात मोलाची भर ठरेल.

या साऱ्याचे महत्त्व मोजमापाच्या काटेकोरपणापुरते नाही. वाढलेल्या गुणांकावर समाधान मानणारे महाविद्यालय आपल्या विद्यार्थ्यांना प्रतिबंधाचे शिक्षण पुरेसे मिळाले असे समजते आणि अभ्यासक्रमात त्यासाठी अधिक वेळ मागत नाही. तंबाखू खाणारा विद्यार्थी त्या गुणांकाच्या आड दिसेनासा होतो. तोच पुढे तालुक्याच्या गावी दवाखाना घालतो. दाताला कीड लागली, दात साफ केले की हलू लागतात, वरचा दात काढला की नजर अधू होते, अशा समजुती घेऊन येणाऱ्या रुग्णाला त्याला तेथे उत्तर द्यावे लागते. मिश्री लावणाऱ्या बाईला ती सोडायला सांगण्याचे धैर्य आणि शब्द त्याच्यापाशी आहेत की नाहीत, हे बारापैकी किती गुण मिळाले यावरून कळत नाही. दंतवैद्यक शिक्षणाने विचारायचा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर देऊ शकेल असे साधन घडवण्याचे काम येथील अध्यापकांकडेच येते.